आम्लावरची गोळी आणि तिची वेळ

छातीत जळजळ होणे, घशाशी आंबट येणे, पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, या तक्रारींवर आज जी औषधे दिली जातात त्यांत ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल या एकाच कुळातील गोळ्या आघाडीवर आहेत. त्या परिणामकारक आहेत आणि बहुतेकांना नीट सोसतात. तरीही असंख्य लोक त्या जेवण झाल्यावर, झोपताना किंवा जळजळ सुरू झाल्यानंतर घेतात आणि मग 'या गोळीचा मला उपयोग होत नाही' असा निष्कर्ष काढतात. 'उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी' ही डॉक्टरांची सूचना अनेकांना केवळ एक रीत वाटते. प्रत्यक्षात या औषधाचे जवळजवळ सगळे शास्त्र त्या एका ओळीत सामावलेले आहे, आणि ते समजून घ्यायचे तर जठराच्या अस्तरातील एका पेशीपर्यंत जावे लागते.

जठराच्या अस्तरात आम्ल स्रवणाऱ्या सुमारे १०० कोटी पेशी असतात. त्यांना पराइटल पेशी म्हणतात. रक्ताचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ७.४ च्या आसपास असतो, तर या पेशी जे आम्ल बाहेर टाकतात त्याचा सामू १ च्या जवळ जातो. म्हणजेच पेशीच्या एका बाजूला हायड्रोजन आयनांचे जे प्रमाण असते, त्याच्या दहा लाख पटींहून अधिक प्रमाण दुसऱ्या बाजूला तयार केले जाते. शरीरात इतका मोठा फरक अन्यत्र क्वचितच आढळतो. हे काम पेशीच्या पटलातील एक प्रथिन करते, ज्याला प्रोटॉन पंप असे म्हणतात. तो ऊर्जा खर्च करून एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो आणि त्याच्या बदल्यात एक पोटॅशियम आयन आत घेतो. पेशी विश्रांतीत असते तेव्हा यांतील बरेचसे पंप पेशीच्या आत लहान पिशव्यांमध्ये निष्क्रिय पडून असतात. अन्न आले, किंवा त्याचा नुसता वास आला, की या पिशव्या पेशीच्या स्रावी पटलाशी जाऊन मिळतात आणि पंप कामाला लागतात. औषधाच्या वेळेचे गणित इथेच सुरू होते.

पंपांना जागे करणारे संदेश मुख्यत्वे तीन आहेत. चेतातंतूंकडून ॲसिटिलकोलीन येते, जठराच्या खालच्या भागातून रक्तावाटे गॅस्ट्रिन हे संप्रेरक येते आणि शेजारच्याच पेशींकडून हिस्टामिन येते. गॅस्ट्रिनचा बराचसा परिणामही हिस्टामिनच्या मार्फतच घडतो, त्यामुळे या तिघांत हिस्टामिनचे महत्त्व विशेष आहे. मात्र हे ओळखूनही त्यावर औषध सापडायला बराच काळ गेला. सर्दी आणि ॲलर्जीवर वापरली जाणारी हिस्टामिनविरोधी औषधे उपलब्ध होती, पण त्यांनी जठरातील आम्ल मुळीच कमी होत नसे. यावरून ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी असा तर्क केला की हिस्टामिनला प्रतिसाद देणारे ग्राही, म्हणजे पेशीवरील संदेश स्वीकारणारी प्रथिने, एकाच प्रकारचे नसून जठरात दुसऱ्या प्रकारचे असले पाहिजेत. १९६४ पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये हिस्टामिनच्याच रेणूत थोडे थोडे बदल करत शेकडो संयुगे तयार करून तपासली. १९७२ मध्ये त्यांनी बुरिमामाइड जगापुढे मांडले. तर्क खरा ठरला, पण हे संयुग तोंडाने घेतल्यास पुरेसे शोषले जात नव्हते. पुढचे मेटियामाइड प्रभावी होते, परंतु काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटल्या. रेणूतील ज्या भागावर संशय होता तो बदलून सिमेटिडीन तयार झाले आणि १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये वापरात आले. त्याआधी अल्सरच्या हट्टी रुग्णांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागत असे, कधी जठराचा भाग काढून, तर कधी त्याकडे जाणारी चेता कापून. एका गोळीने तशा शस्त्रक्रियांची गरज झपाट्याने कमी केली, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता. औषध योगायोगाने हाती न लागता आधी ग्राही कल्पून मग त्याला बसेल असा रेणू घडवण्याचे हे उदाहरण मला आजही औषधशास्त्रातील सर्वांत सुंदर उदाहरणांपैकी एक वाटते.

सिमेटिडीनचे दोषही होते. यकृतातील औषधे मोडणारी विकरे ते अडवत असे, त्यामुळे वॉरफरिन, फेनिटॉइन, थिओफिलीन अशा औषधांची रक्तातील पातळी वाढे. हिस्टामिनचे ग्राही अडवणाऱ्या या गटातील नंतरच्या फॅमोटिडीनमध्ये हा दोष जवळजवळ नाही. हा गट अर्ध्या ते एका तासात परिणाम दाखवू लागतो आणि रात्रीचे आम्ल चांगले कमी करतो, कारण रात्रीच्या स्रावामागे हिस्टामिनचा हात मोठा असतो. पण संदेशाच्या तीन वाटांपैकी एकच वाट बंद झाल्याने जेवणानंतरचा स्राव पुरता आवरत नाही, आणि रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर सरावते व परिणाम घटतो.

तिन्ही वाटा ज्या पंपापाशी येऊन मिळतात तो पंपच बंद केला तर? स्वीडनमध्ये या दिशेने झालेल्या कामातून १९७९ मध्ये ओमेप्रॅझोल तयार झाले आणि १९८८ मध्ये ते तिथे बाजारात आले. या औषधाचा शरीरातील प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. कॅप्सूल उघडली तर आत बारीक, गोल दाणे दिसतात. त्या प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण ओमेप्रॅझोल उघड्याने जठरात पडले तर तिथले आम्ल ते पंपापर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट करील. दाणे जठरातून सुखरूप पुढे जातात, लहान आतड्यात आवरण विरघळते, औषध रक्तात जाते आणि रक्तावाटे, म्हणजे मागच्या बाजूने, पराइटल पेशीपाशी पोहोचते. रक्तात ते निष्क्रिय असते. पेशीतून पार होऊन आम्ल स्रवणाऱ्या सूक्ष्म नलिकेत ते उतरले की तिथल्या तीव्र आम्लामुळे त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो, आणि भारित रेणूला पटल ओलांडून परत फिरता येत नाही. अशा रीतीने अडकून ते तिथे रक्तातल्यापेक्षा जवळजवळ हजार पटींनी साठते. त्याच आम्लात त्याचे रूप पालटते आणि नव्या रूपातील रेणू पंपाच्या प्रथिनातील सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाशी रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो. म्हणूनच कॅप्सूलमधील दाणे चावणे किंवा गोळी कुटून घेणे टाळावे. त्यात आवरण तुटते आणि मात्रेचा मोठा भाग वाया जातो.

या यंत्रणेतून वेळेचा नियम आपोआप निघतो. हे औषध फक्त कार्यरत पंपांनाच बंद करू शकते, कारण त्याला सक्रिय व्हायला आम्ल लागते आणि आम्ल फक्त कार्यरत पंपांपाशीच असते. रक्तात ते टिकते मात्र थोडेच. निम्मे औषध साधारण तासाभरात संपते. तेव्हा औषधाची रक्तातील पातळी सर्वाधिक असताना जास्तीत जास्त पंप चालू असायला हवेत, आणि ते घडवून आणते अन्न. रात्रभराच्या उपासानंतर पंपांची संख्या भरपूर असते. गोळी घेऊन अर्ध्या तासाने खाल्ले की पंप जागे होतात तेव्हा औषध तिथे हजर असते. गोळी घेऊन नंतर काहीच खाल्ले नाही, किंवा ती झोपताना घेतली, तर निष्क्रिय पंप जसेच्या तसे राहतात आणि औषध तासाभरात निघून जाते.

तासाभरात निघून जाणाऱ्या औषधाचा परिणाम दिवसभर का टिकतो, हेही यातच आहे. बंद पडलेला पंप बहुतांशी पुन्हा सुरू होत नाही. पेशीला नवा पंप घडवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. पण पहिल्या दिवशी त्या वेळी झोपलेले पंप निसटतात. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्यांतले आणखी सापडतात, आणि साधारण तीन ते पाच दिवसांनी परिणाम पूर्ण उंचीवर पोहोचतो. त्यामुळे जळजळ सुरू झाल्यावर एखादी गोळी घेऊन लगेच आराम मिळण्याची अपेक्षा या औषधाकडून ठेवता येत नाही. तात्काळ आराम हे अँटासिडचे काम आहे. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे तयार झालेले आम्ल तिथल्या तिथे उदासीन करतात. मॅग्नेशियमने जुलाब होतात आणि ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते, म्हणून दोन्ही सहसा एकत्र दिली जातात. लोहाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके यांच्याबरोबर अँटासिड घेऊ नये, कारण ती औषधे त्याला बांधली जाऊन शोषली जात नाहीत.

आम्ल कमी केले म्हणजे अल्सरचे मूळ गेले असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि अल्सर यांचा संबंध दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः जिवाणूंचे द्रावण पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जिवाणू असेल तर प्रतिजैविकांखेरीज अल्सर पुन्हा पुन्हा होत राहतो. त्या उपचारातही प्रोटॉन पंप रोखणारे औषध लागते, कारण आम्ल कमी झाल्यावर जिवाणू वाढीच्या अवस्थेत येतो, आणि अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके वाढणाऱ्या जिवाणूंनाच मारतात. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबवतात, आणि जठराच्या अस्तरावरील श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचे संरक्षण प्रोस्टाग्लँडिनवरच अवलंबून असते.

आता प्रोटॉन पंप रोखणारी गोळी बंद करण्याच्या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथे होते. जठरात आम्ल कमी झाले की शरीर ती उणीव भरून काढण्यासाठी गॅस्ट्रिन वाढवते, आणि अनेक आठवडे वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींचीही वाढ होते. औषध एकाएकी बंद केले की ही सारी यंत्रणा मोकळ्या पंपांवर जोराने काम करते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात, आम्लाचा कोणताही त्रास नसलेल्या निरोगी व्यक्तींना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल देऊन ते थांबवले, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना जळजळ आणि आंबट ढेकर सुरू झाले. रुग्णाला मात्र वाटते की आजार परतला. तो गोळी पुन्हा सुरू करतो आणि काही आठवड्यांसाठी दिलेले औषध वर्षानुवर्षे चालू राहते. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटू शकते, काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम कमी होते आणि आतड्यांच्या काही संसर्गांची शक्यता वाढते. हाडे मोडण्याचे प्रमाणही अशा रुग्णांत थोडे अधिक आढळले आहे, पण त्याला हे औषधच कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्रॅझोल टाळावे असे सांगतात, कारण क्लोपिडोग्रेलला सक्रिय करणारे यकृतातील विकरच ते अडवते. पॅन्टोप्रॅझोलमध्ये ही अडचण बरीच कमी आहे.

जपानमध्ये २०१४ मध्ये मान्यता मिळालेले व्होनोप्रॅझन पंपावर वेगळ्या रीतीने काम करते. ते पोटॅशियमची जागा अडवते, त्याला आम्लात सक्रिय व्हावे लागत नाही आणि जेवणाची वेळही पाळावी लागत नाही; पहिल्याच दिवशी परिणाम दिसतो. पण आम्ल अधिक प्रभावीपणे रोखल्याने गॅस्ट्रिनही वाढते, त्यामुळे ते किती काळ घ्यायचे हा प्रश्न तिथेही उरतोच.

अन्ननलिकेला आम्लाने गंभीर जखमा झालेल्या, तिचे अस्तर बदलू लागलेल्या, किंवा पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला असून हृदयासाठी ॲस्पिरिन घ्यावीच लागते अशा रुग्णांनी प्रोटॉन पंप रोखणारे औषध स्वतःहून मुळीच थांबवू नये. गिळताना अन्न अडकणे, काळी शौच होणे, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे असतील तर गोळीने आलेल्या आरामावर विसंबून न राहता आधी तपासणी करून घ्यावी. इतरांच्या बाबतीत चार ते आठ आठवड्यांनंतर डॉक्टर मात्रा निम्मी करतात, पुढे ती एक दिवसाआड देतात, आणि वाढलेले गॅस्ट्रिन पूर्ववत होईपर्यंत मधूनमधून होणाऱ्या जळजळीसाठी अँटासिड किंवा फॅमोटिडीन वापरायला सांगतात.