सोडलेल्या प्रश्नाला गुण किती?

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मुलाखतीआधी व्यक्तिमत्त्व चाचणी द्यावी लागणं आता नवं राहिलेलं नाही. त्यात एखादं विधान असतं: ‘मला एकट्याने वेळ घालवायला आवडतं.’ कळव्याच्या चाळीत, एका खोलीत सहा जणांत वाढलेल्या मुलाने यावर कुठे खूण करायची? एकटं असण्याची वेळच कधी आलेली नाही. तो विधान सोडून पुढे जातो.

आता हिशेब बघा. समजा, बहिर्मुखतेची १० विधानं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्याने ८ सोडवली, बेरीज ३२. सुटलेल्या दोन जागी शून्य धरलं तर ३२च राहतात. मधला आकडा ३ धरला तर ३८. त्याच्याच उत्तरांची सरासरी ४ धरली तर थेट ४०. मुलगा तोच, उत्तरंही तीच! शून्य तर सरळ चूकच, कारण १ ते ५ मध्ये शून्य हे उत्तरच नाही.

‘हो/नाही’ चाचण्यांत ही गफलत पटकन दिसत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांची एमएमपीआय ही मानसिक त्रास ओळखण्यासाठीची व्यक्तिमत्त्व चाचणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. १९८९च्या सुधारित आवृत्तीत ५६७ विधानं आहेत. एकच गोष्ट मोजणाऱ्या विधानांच्या गटाला त्यात मोजपट्टी म्हणतात. सोडलेल्या विधानाचा गुण कुठल्याच मोजपट्टीत जमा होत नाही. त्यामुळे गुण खाली येतात आणि खरोखर त्रासात असलेला माणूस कागदावर ठणठणीत दिसतो. म्हणून त्यात सुटलेली विधानं वेगळी मोजतात; ३० किंवा जास्त असतील तर निकाल सहसा ग्राह्य धरत नाहीत. पण दहाच सुटली आणि ती सगळी एकाच मोजपट्टीतली असली, तरी ती मोजपट्टी गेलीच.

विधान का सुटलं, हा खरा मुद्दा. उत्तर योगायोगाने सुटणं आणि त्या उत्तरामुळेच सुटणं, हा भेद संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये नीट मांडला. दोन पानं चिकटून एक राहून गेलं, तर सरासरीने भागतं. पण दारूबद्दलचं विधान पिणाराच टाळत असेल, तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवरून काढलेली सरासरी दिशाभूल करते.

बऱ्याच ऑनलाइन चाचण्यांनी यावर तोडगा काढलाय: उत्तर दिल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मग कळव्याचा मुलगा मधल्या गोलावर टिचकी मारतो. तो ३ खरा की नाइलाजाचा, हे निकाल वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कागदी चाचणीत निदान समुपदेशक उत्तरपत्रिका परत देऊन विचारू शकतो, “हे का सोडलंस रे?”