अलायनर पुन्हा सुरू करताय? पुढचा नंबर नको, मागचा शोधा

अलायनर म्हणजे दात थोडेथोडे सरकवून सरळ करणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे, ते नंबरानुसार एकामागून एक घालायचे असतात. घरपोच अलायनर पाठवणारी अमेरिकेतली 'स्माइलडायरेक्टक्लब' ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांना कंपनीने सांगितलं, पुढचं तुमच्या दंतवैद्याला विचारा. उपचारात खंड पडायला दर वेळी कंपनीच बुडावी लागते असं नाही. बदली, बाळंतपण, हरवलेली डबी किंवा नुसता कंटाळाही पुरतो. सहा-आठ महिन्यांनी ड्रॉवरमधून ट्रे निघतात आणि पहिला विचार हमखास हाच येतो, 'चौदावा झाला होता, आता पंधरावा घालू.' तो बसत नाही, म्हणून दातांखाली चावून बसवला जातो. मग दात ठणकतात, नाहीतर ट्रेलाच तडा जातो.

मुळात दात हाडात रुतलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट. बाजेच्या चौकटीत सुतळी ताणून बसवावी तसे त्यातले कोलॅजेनचे तंतू एका टोकाला हाडात आणि दुसऱ्या टोकाला मुळात रोवलेले असतात. त्यांच्यामधून केशवाहिन्या जातात. ट्रे दाताला ढकलतो तेव्हा एका बाजूचा पडदा दबतो आणि दुसरीकडचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड खातात, ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवं हाड घालतात. दात सरकतो म्हणजे त्याची खोबणच सरकत जाते.

एका ट्रेने दात साधारण ०.२५ मिलिमीटर सरकवायचा असतो. हे माप दाताच्या कडेपाशी घेतलेलं असतं, मुळापाशी हालचाल त्याहून कमी होते. त्यामुळे पडदा दबतो पण चिरडत नाही, रक्त वाहत राहतं. आता समजा, खंडात दात अर्धा मिलिमीटर मागे गेला आणि तुम्ही पुढचा नंबर कोंबला. आता धक्का पाऊण मिलिमीटरचा झाला. केशवाहिन्या मिटतात, दबलेल्या जागेतल्या पेशी मरतात आणि तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा एकसंध दिसू लागतो. याला हायलिनायझेशन म्हणतात. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून १९०४ साली त्याचं वर्णन केलं होतं.

खरी गंमत यापुढे आहे. हाड खाणाऱ्या पेशी रक्तातून येतात. रक्तच थांबलं तर त्या दबलेल्या जागी पोचणार कशा? त्या मागच्या बाजूने येतात. हाडाच्या आतल्या मगजाच्या पोकळ्यांतून निघून त्या खोबणीची भिंत पाठीमागून पोखरत पुढे सरकतात. भिंत पडेपर्यंत आठवडा ते दोन आठवडे जातात आणि तोवर दात जागचा हलत नाही. म्हणजे दुप्पट-तिप्पट जोर लावून काम मंदावतं. शिवाय मेलेला पडदा साफ करणाऱ्या पेशी कधीकधी मुळावरचा थरही खरवडतात. मुळाची अशी गेलेली लांबी परत येत नाही.

पण दात मागे जातो तरी का? मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेनुसार विणले जातात. हिरडीतल्या कोलॅजेनला चार ते सहा महिने लागतात, आणि हिरडीतल्या लवचीक तंतूंना वर्षाहूनही जास्त. नॉर्वेचे दंतसंशोधक राइटन यांना कुत्र्यांचे फिरवलेले दात २३२ दिवस धरून ठेवल्यावरही हिरडीतले तंतू ताणलेलेच आढळले होते. म्हणून गोल फिरवून सरळ केलेले सुळे आणि उपदाढा सुटल्या की आधी मागे फिरतात. गेलेला वेळ भरून काढायचा मोह होतो, पण कंप देणारी उपकरणं चावून उपचार निम्म्या वेळात होतात, या जाहिरातीला भक्कम पुरावा नाही. तेलाच्या गुळण्यांनी 'सैल दात घट्ट' करण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता हातात आरसा घ्या. शेवटी घातलेला ट्रे कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने नको, प्लॅस्टिक वाकतं. आधी पुढच्या दातांवर, मग दाढांवर बोटांनी दाबून बसवा. दाताची कड आणि प्लॅस्टिक यांच्यात फट नसेल, नुसतं आवळल्यासारखं वाटत असेल, तर तोच ट्रे दिवसाचे २०-२२ तास, आठवडा-दोन आठवडे घाला. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फट असेल तर च्युई, म्हणजे चावायची ती मऊ नळी, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं चावा. चार-पाच दिवसांत फट मिटली नाही तर एक नंबर मागे या. हिरडी पांढरी पडत असेल किंवा सगळा ताण एकाच दातावर येत असेल, तर लगेच मागे या. तीन-चार नंबर मागे जाऊनही ट्रे जोर न लावता बसत नसेल तर नाद सोडा, नवा स्कॅन लागणार. जो बसेल तो डॉक्टरांच्या भेटीच्या दिवसापर्यंत रिटेनर म्हणून, म्हणजे दात आहे तिथे धरून ठेवायला चालतो. वापरलेल्या प्लॅस्टिकचा ताण पहिल्या एक-दोन दिवसांतच बराच उतरलेला असतो, त्यामुळे ते ढकलत नाही, धरून ठेवतं. म्हणून जुने ट्रे फेकू नयेत.

ट्रे नीट बसला तरी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे जायचंच आहे. दातांवर चिकटवलेले अटॅचमेंटचे उंचवटे पडले असतील तर ट्रे छान बसतो आणि दात मात्र फिरत नाही. हिरड्यांना सूज असताना दात हलवले तर आधाराचं हाड झपाट्याने झिजतं, म्हणून आधी सफाई, हिरड्यांची तपासणी आणि मुळांचा एक्स-रे. मध्यंतरी ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) ॲलेंड्रोनेटसारख्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर सांगा. त्या ऑस्टिओक्लास्टलाच रोखतात, त्यामुळे दात मंद सरकतात. नवी कॅप बसली असेल तर दाताचा आकारच बदललेला असतो. आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात बसवला असेल तर जुनी आखणी बाद, कारण त्याभोवती पडदाच नसतो. टायटॅनियम थेट हाडाला धरून असतं आणि कुठलाही ट्रे ते हलवू शकत नाही. बाकीचे दातच त्याच्या कलाने लावावे लागतात.

डॉक्टर बदलणार असाल तर जुन्या क्लिनिककडून सुरुवातीच्या स्कॅनची एसटीएल फाइल, म्हणजे दातांचा त्रिमितीय संगणकी नमुना मागून घ्या. दात मुळात कसे होते ते कळलं की ते कुठे ओढ घेताहेत हेही कळतं. सोबत जागा करण्यासाठी कोणत्या दोन दातांमध्ये किती घासलं त्याचा तक्ताही घ्या. तिथे सहसा ०.२ ते ०.५ मिलिमीटर इनॅमल काढलेलं असतं आणि ते पुन्हा वाढत नाही. दातांमधली फट मिटलेली पाहून नवा डॉक्टर तीच जागा परत घासू शकतो.