अटकेची नोंद व तिचा शोध

पोलिसांनी एखाद्या व्यक्तीला ताब्यात घेतल्यापासून ती जामिनावर सुटेपर्यंत किंवा कारागृहात दाखल होईपर्यंत ज्या सरकारी नोंदी तयार होतात, त्यांना एकत्रितपणे अटकेची नोंद म्हणता येईल. महाराष्ट्रात ही नोंद एका जागी सापडत नाही. पोलीस ठाणे, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, न्यायालय आणि कारागृह अशा चार ठिकाणी तिचे तुकडे असतात. शोधणारा बहुधा नातेवाईक असतो आणि त्याच्या हाती वेळ थोडा असतो. त्यामुळे कोणता तुकडा कधी आणि कुठे तयार होतो हे माहीत असणे फार मोलाचे आहे.

या नोंदी ठेवण्यामागे अटक झालेल्या माणसाचे संरक्षण हा मूळ हेतू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली डी. के. बसू खटल्यात कोठडीतील मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर अटकेचे नियम घालून दिले. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. कलम 36 नुसार अटकेचे लेखी ज्ञापन (मेमो) करावे लागते. त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित साक्षीदाराची आणि अटक झालेल्या व्यक्तीची सही लागते. कलम 37 नुसार प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष हवा. शिवाय प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांच्या माहितीसाठी नेमलेला हवा. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात दर्शनी भागी लावायची असते. डिजिटल पद्धतीनेही ती दाखवता येते. कलम 48 नुसार अटक झालेला सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला तत्काळ कळवायचे आणि कोणाला कळवले हे ठाण्यातील नोंदवहीत लिहायचे. नातेवाइकाने ठाण्यात पाऊल ठेवताना कलम 37 आणि 48 हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. माहिती मागणे हा हक्क आहे, त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही.

ठाण्यात पहिली गाठ ठाणे अंमलदाराशी, म्हणजे त्या वेळी ड्युटीवर असलेल्या पोलिसाशी पडते. त्याच्यासमोर स्टेशन डायरी असते. तिच्यात दिवसभराच्या घडामोडी क्रमांक आणि वेळेसह लिहिल्या जातात. पथक बाहेर पडले, आरोपीला आणले, वैद्यकीय तपासणीला पाठवले, लॉकअपमध्ये ठेवले, या प्रत्येक हालचालीची नोंद तिच्यात व्हायला हवी. ही डायरी नातेवाइकाला दाखवत नाहीत, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच असते. म्हणून प्रश्न नेमके विचारावेत: गु.र.नं. काय आहे, कलमे कोणती लावली, अटक किती वाजता दाखवली, तपासी अंमलदार कोण, कोणत्या कोर्टात आणि कधी हजर करणार. या पाच उत्तरांवर पुढची सगळी शोधाशोध अवलंबून असते. गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, उदाहरणार्थ 214/2025. तो मिळाला की वकील, न्यायालय आणि संगणक तिन्हीकडची दारे उघडतात.

अटकेच्या फॉर्ममध्ये तारीख, वेळ, ठिकाण, अंगावरील जुन्या-नव्या जखमा, ओळखीच्या खुणा, अंगझडतीत मिळालेल्या वस्तू आणि कोणाला कळवले त्याचे नाव अशा बाबी भरायच्या असतात. यांतला वेळेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 प्रमाणे, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते आणि हे तास त्या रकान्यावरून मोजले जातात. सकाळी नऊला घरून उचललेल्या माणसाची अटक रात्री अकराला दाखवली, तर चौदा तास कागदावर उरतच नाहीत. माणसाची हालचाल प्रत्यक्ष रोखली तेव्हापासून कोठडी सुरू होते असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण ते सिद्ध करायला पुरावा लागतो. म्हणून घरातून नेल्याची वेळ लगेच लिहून ठेवावी, 112 ला केलेल्या फोनची नोंद जपावी, सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण मागून घ्यावे आणि ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये दिलेला आहे. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत, दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी द्यायला हवीत, असा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. ती प्रत वकिलाने हमखास मागावी.

माणूस सापडत नाही याचे नेहमीचे कारण म्हणजे शोध चुकीच्या ठाण्यात चाललेला असतो. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, आरोपीला पकडते आणि ज्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे तिथे सोपवते. ते ठाणे घरापासून दोन तालुके दूर असू शकते. शहरात हेच काम गुन्हे शाखेची युनिटे करतात. महिलांसाठी वेगळे लॉकअप सगळीकडे नसते. अशा वेळी गुन्हा एका ठाण्यात आणि महिला दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत असे घडते. रेल्वेच्या हद्दीतला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो. ईडी, सीबीआय, अमली पदार्थ नियंत्रण विभाग, सीमाशुल्क, वन विभाग आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांनाही अटकेचे अधिकार आहेत आणि त्यांनी केलेली अटक स्थानिक ठाण्याच्या नोंदीत शोधून उपयोग नाही. परराज्याचे पोलीस आले असतील तर सहसा जवळच्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या राज्यात नेण्याची परवानगी घेतात, तेव्हा तिथे चौकशी करावी. ठाण्यात ठोस उत्तर मिळत नसेल, तर पोलीस आयुक्तालयाच्या किंवा अधीक्षक कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन करून पूर्ण नाव, वय, गाव आणि कुठून नेले ते सांगावे. कायद्याने जिल्ह्याची माहिती तिथे एकत्र आलेली असायला हवी.

‘अटक नाही, फक्त चौकशीला बोलावलंय’ हे उत्तरही वारंवार मिळते. कलम 35 खालील (चौकशीला हजर राहण्याची) नोटीस दिली असेल तर ती लेखी असते आणि तिची प्रत दाखवता येते. प्रत नसेल आणि माणसाला घरीही जाऊ देत नसतील, तर ती कोठडीच समजून वकिलाला तिथे बोलवावे.

नोंद खात्रीने सापडण्याची पहिली जागा म्हणजे न्यायालय. पोलीस रिमांड रिपोर्ट, म्हणजे कोठडी मागणारा अहवाल घेऊन आरोपीला हजर करतात. त्यात गुन्ह्याचा गोषवारा, कलमे आणि कोठडी मागण्याची कारणे असतात. सुटीच्या दिवशी हॉलिडे कोर्ट असते. हद्दीतले नेहमीचे कोर्ट बंद पाहून परत फिरू नये, त्या दिवशी कामकाज कोणाकडे आहे ते विचारावे. हुकूम दोन प्रकारचे: पोलीस कोठडी, म्हणजे बोलीभाषेतील पीसीआर, आणि न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. पहिल्यात माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये राहतो, दुसऱ्यात कारागृहात जातो. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे 15 दिवस सलग घ्यावे लागत नाहीत. गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत ते तुकड्यांनी घेता येतात. परिणामी कारागृहात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणलेला असू शकतो, म्हणून भेटीला निघण्यापूर्वी ताजा हुकूम पाहावा.

चॅप्टर केसची गोष्ट वेगळी आहे. शांतताभंग टाळण्यासाठी कलम 170 खाली (पूर्वीचे 151) ताब्यात घेतलेल्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नेऊन हमीपत्र घेण्याची कारवाई होते. ग्रामीण भागात हे काम तहसीलदाराकडे, आयुक्तालयाच्या शहरात सहायक पोलीस आयुक्ताकडे असते. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी अशा कारवाया वाढतात. ही प्रकरणे न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडत नाहीत, कारण ती त्या न्यायालयात जातच नाहीत.

संगणकावरचा शोध उपयोगी आहे, पण पहिल्या दोन दिवसांत त्याच्यावर विसंबू नये. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारखांची मर्यादा निवडून प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार एफआयआर 24 तासांत टाकायचा असतो. अडचण असल्यास 48 आणि दुर्गम भागात 72 तासांपर्यंत मुभा आहे. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे वगळले जातात, म्हणून एफआयआर दिसला नाही याचा अर्थ गुन्हा नाही असा होत नाही. ‘अनोळखी इसम’ अशा नावाने दाखल गुन्ह्यात नंतर अटक झाली, तर मूळ एफआयआरमध्ये त्याचे नाव नसतेच.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा एफआयआर क्रमांकाने शोधता येते. एफआयआर क्रमांकाचा मार्ग जास्त भरवशाचा. नावाच्या शोधात रोमन लिपीतील स्पेलिंग घात करते: चव्हाण, शिंदे, ढवळे ही आडनावे प्रत्येक लिपिक वेगळी लिहितो आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी गळते. म्हणून आडनावाची पहिली काही अक्षरे टाकून यादी चाळावी. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी मूळ खटल्याला क्रमांक नसतो, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकदा जामीन अर्जच सापडतो. त्याचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवला की पुढच्या तारखा आणि हुकूम घरबसल्या दिसतात.

कारागृहात दाखल होताना हुकूमनाम्यावरून नाव, गुन्हा, न्यायालय आणि पुढची तारीख यांची नोंद होते आणि कच्च्या कैद्याला, म्हणजे शिक्षा न झालेल्या कैद्याला क्रमांक मिळतो. मुलाखतीसाठी, पैसे भरण्यासाठी, वकीलपत्रावर सही घेण्यासाठी तो लागतो. हद्दीवरून कारागृह गृहीत धरू नये. मुंबईचा आरोपी आर्थर रोडऐवजी तळोजात, महिला भायखळ्यात, तालुक्याचा आरोपी दुय्यम कारागृहात असू शकतो. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100.

सर्व दारे बंद झाल्यास दोन उपाय उरतात. माहिती अधिकाराच्या अर्जात जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्याचे स्पष्ट लिहिल्यास कलम 7(1) प्रमाणे 48 तासांत उत्तर द्यावे लागते. दुसरा आणि खरा जोरकस उपाय म्हणजे उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे ताब्यातील माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका. तिथे स्टेशन डायरी न्यायालय स्वतः मागवू शकते. मात्र दंडाधिकाऱ्याने रीतसर कोठडी दिली असेल तर ही याचिका सहसा टिकत नाही, म्हणून वेळ न दवडता करावी.

अमेरिकेतील चित्र उलटे आहे. तिथे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफचे, म्हणजे पोलीस प्रमुखाचे कार्यालय तुरुंगात दाखल झालेल्यांची यादी बहुधा संकेतस्थळावर ठेवते: नाव, आरोप, जामिनाची रक्कम, अनेकदा छायाचित्रही. खासगी संकेतस्थळे ही छायाचित्रे उचलत राहिल्याने आरोप मागे घेतल्यावरही माणसाच्या नावाला ती चिकटून राहतात. हा खुलेपणाचा क्रूर भाग आहे आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यावर बंधने घातली आहेत. आपल्याकडे ओळख परेड (साक्षीदाराने अनेकांतून आरोपीला ओळखणे) व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा बुरख्याने झाकला जातो, कारण साक्षीदाराने तो आधी पाहिला तर परेडला किंमत उरत नाही. विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनाची ओळख उघड करणे तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने गुन्हाच आहे. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेला आपला माणूस पकडला गेला, तर आधी काउंटीची यादी पाहावी. स्थलांतर विभागाने ताब्यात घेतले असेल तर त्या विभागाच्या वेगळ्या शोध-पानावर त्या विभागाने परदेशी व्यक्तीला दिलेला ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक आणि जन्मदेश टाकून शोधावे, आणि भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी त्याने स्वतः करावी. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद 36 ने तो हक्क त्याला दिला आहे, पण सर्वसाधारणपणे मागणी केल्यावरच वकिलातीला कळवले जाते.