अपडेट टाकलं की जुनं सॉफ्टवेअर बंद पडतं?

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? अपडेट टाकलं की हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद पडेल.’ हा सल्ला ऑफिसांत वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

विंडोजची आवृत्तीच बदलली तर जुना प्रिंटर ड्रायव्हर किंवा प्रोग्राम अडू शकतो, हे खरं. दर महिन्याचं सुरक्षा अपडेट मात्र मुख्यतः सापडलेल्या त्रुटी बुजवतं; त्यानं काही बिघडतच नाही असं नाही, पण ते क्वचित. आणि ते टाळलं तर? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. त्यानं वापरलेल्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. तरीही ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली.

उलटंही घडतं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर ठप्प झाले. (ते विंडोजचं अपडेट नव्हतंच, बोल मात्र विंडोजला लागला.) म्हणून अपडेट आधी दोन-तीन मशीनवर टाकायचं, बिल काढून, प्रिंट देऊन बघायचं, मग बाकीच्यांवर.

मोबाइलचंही तेच. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये आवृत्तीखेरीज सुरक्षा पॅचची तारीख वेगळी दिसते. बघायची ती.