नेलगन (घरकामासाठी निवड)

नेलगन म्हणजे हवेच्या, गॅसच्या किंवा बॅटरीच्या जोरावर एका फटक्यात खिळा लाकडात बसवणारं हातातलं यंत्र. ही नोंद घरची दुरुस्ती आणि छोट्यामोठ्या सुतारकामासाठी कुठली नेलगन घ्यावी एवढ्यापुरती आहे, मोठ्या बांधकामातली यंत्रं गरजेपुरतीच येतील.

उगमाबद्दल एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी श्रेय मॉरिस पायनूस या सिव्हिल इंजिनिअरला देतात, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन उद्योगपती हॉवर्ड ह्यूजच्या एच-4 हर्क्युलिस या अवाढव्य लाकडी विमानासाठी त्याने हे यंत्र बनवलं असं म्हणतात. सांगाड्याचं लाकूड गोंदाने चिकटवायचं, खिळ्यांनी धरून ठेवायचं आणि मग ते खिळे उपटून काढायचे अशी तिथली पद्धत सांगितली जाते (विमान 2 नोव्हेंबर 1947 ला उडालं, एकदाच). दुसरं मत असं की हातात धरायची नेलगन बाजारात आली ती साधारण 1950 ला, घरांच्या जमिनीखालच्या फळ्या उभ्याउभ्या ठोकायला, आणि तिचा वेग मिनिटाला 40 ते 60 खिळे असल्याचं नोंदलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण आजच्या घरगुती नेलगनचा वंश शोधायचा तर दुसरं मत जास्त पटतं, कारण विमानातला खिळा तात्पुरता होता आणि जमिनीतला कायमचा. गॅसवरच्या बिनपाइपच्या गन 1980 च्या दशकात आल्या, बॅटरीवाल्या चांगल्या गन त्याही नंतर.

निवड करताना बहुतेक लोक आधी हवा की बॅटरी यावर अडकतात, खरं तर आधी खिळ्याची जाडी ठरवायला हवी, बाकी सगळं तिच्या मागून येतं. जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा उलटा चालतो, जितका मोठा तितका खिळा बारीक; तार साच्याच्या भोकांतून जितक्या वेळा ओढली तो आकडा, असं याचं कारण सहसा देतात आणि ते मान्य करायला हरकत नाही. 23 गेज म्हणजे जेमतेम 0.6 मिमीची पिन, पकड जवळजवळ नाहीच, गोंद सुकेपर्यंत नाजूक पट्टी धरून ठेवायची एवढंच तिचं काम. 18 गेजच्या ब्रॅड (अगदी छोट्या डोक्याचे बारीक खिळे) साधारण 1.2 मिमी जाड आणि 15 ते 50 मिमी लांब, बीडिंग, फोटोफ्रेम, कपाटाची मागची पातळ प्लाय, ड्रॉवर यांना पुरतात. 16 आणि 15 गेज फिनिश खिळे, 1.6 ते 1.8 मिमी, दाराची चौकट, जाड स्कर्टिंग, जिन्याच्या पायऱ्या अशा वजन आणि धक्के सोसणाऱ्या जागांसाठी. त्यापुढे फ्रेमिंग नेलर, म्हणजे लाकडी सांगाडे ठोकायची मोठी गन, 50 ते 90 मिमीचे डोकेवाले खिळे, त्यात एकमेकांना जोडलेल्या खिळ्यांच्या पट्टीचा कोन 21, 28 किंवा 30 ते 34 अंश असा वेगवेगळा असतो आणि एका कोनाची पट्टी दुसऱ्या कोनाच्या गनमध्ये चालत नाही. ज्याला एकच गन घ्यायची आहे त्याने 18 गेज घ्यावी.

18 गेजची ब्रॅड हातात घेऊन बघितली तर टोक सुईसारखं नसून छिन्नीसारखं चपटं दिसतं. त्यामुळे लाकूड चिरायचं प्रमाण कमी होतं, पण कडक रेषा किंवा गाठ लागली की तेच टोक खिळ्याला वळवतं आणि तो फळीच्या बाजूने बाहेर येतो, नेमका तिथे जिथे आपण दुसऱ्या हाताने पट्टी दाबून धरलेली असते. म्हणून धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून किमान 12 इंच लांब हवा, छोट्या तुकड्याला क्लॅम्प लावावा. खिळा बसल्यावर वर एक बारीक लांबट भोक उरतं, ते पुट्टीने सहज बुजतं, 15 गेजचं तेवढं सहज बुजत नाही.

ट्रिगरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायलाच हवा. गनच्या नाकावर एक सेफ्टी टोक असतं, ते लाकडावर दाबलं जाईपर्यंत खिळा सुटत नाही. सिक्वेन्शियल ट्रिगरमध्ये आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर, आणि पुढच्या खिळ्यासाठी पुन्हा तोच क्रम. कॉन्टॅक्ट किंवा बंप प्रकारात ट्रिगर दाबून ठेवला की नाक जिथे टेकेल तिथे खिळा, वेग वाढतो, पण झटक्याने गन उसळून पुन्हा टेकली की न मागता दुसरा खिळा सुटतो, आणि ट्रिगरवर बोट ठेवून चालताना नाक मांडीला लागलं तर तिथेही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिकेत कॉन्टॅक्टमध्ये इजेचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट दिलाय. तिथल्याच आरोग्य खात्याच्या आकड्यांत 2001 ते 2005 मध्ये वर्षाला सरासरी 37,000 लोक नेलगनच्या जखमा घेऊन तातडीच्या विभागात आले, आणि त्यात घरी काम करणारे 1991 मध्ये सुमारे 4,200 होते ते 2005 मध्ये 14,800 झाले. घरी वेग कुणालाच लागत नाही, तेव्हा पूर्ण सिक्वेन्शियलच घ्यावी, दोन्ही मोड असतील तर बटण सिक्वेन्शियलवर ठेवून विसरून जावं. चष्मा आणि कानाला संरक्षण आलंच.

आता ताकद कशावर. हवेची गन हलकी, साधी आणि टिकाऊ, आत पिस्टनला जोडलेली पाती खिळ्याला ढकलते, दाब साधारण 70 ते 120 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) लागतो. कॉम्प्रेसर आधीच असेल तर हीच घ्यावी, आत तेलाचे थेंब घालावे लागणारी गन आहे की बिनतेलाची ते बघून. कॉम्प्रेसरऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नये, गन फुटते. बॅटरीची गन जड, पण शिडीवर पाइप ओढावा लागत नाही, आत फ्लायव्हील (वेगाने फिरणारं जड चाक) किंवा बंदिस्त हवेची स्प्रिंग असते, हवेची स्प्रिंग असलेली जास्त एकसारखा फटका देते. गॅसच्या गनला इंधनाचा डबा आणि बॅटरी दोन्ही लागतात, घरी कधीमधी वापरायला ती फायद्याची नाही. थेट विजेवर चालणाऱ्या स्वस्त गन मऊ लाकडात छोटी ब्रॅड बसवतात, कडक लाकडात खिळा अर्धवट वर राहतो.

खोली कमीजास्त करायचं चाक आणि नाकावरची रबरी टोपी असेल तर बरं, पहिला खिळा नेहमी टाकाऊ तुकड्यावर मारून बघावा. काँक्रीटमध्ये खिळा ठोकणाऱ्या दारूच्या काडतुसावरच्या गन हा वेगळा प्रकार आहे, त्याला प्रशिक्षण लागतं, घरकामाच्या यादीत तो धरू नये.