पर्ज व्हॉल्व्ह आणि व्हेंट व्हॉल्व्ह: चाचणी एकच, अर्थ उलट

पेट्रोलच्या गाडीत टाकीतून सतत उठणारी वाफ बाहेरच्या हवेत जाऊ नये म्हणून ती चारकोल कॅनिस्टर नावाच्या डब्यात साठवली जाते आणि इंजिन चालू असताना योग्य वेळी जाळली जाते. या व्यवस्थेत पर्ज आणि व्हेंट असे विजेवर चालणारे दोन छोटे व्हॉल्व्ह असू शकतात. दोन्ही दिसायला बरेच सारखे असतात, दोघांनाही दोन तारांचा प्लग असतो आणि बिघाड झाल्यावर दोन्हींमुळे तोच इंजिनाचा दिवा लागतो. त्यामुळे एकाची चाचणी करायची पद्धत दुसऱ्यावर वापरून चांगला व्हॉल्व्ह फेकून देण्याची चूक सहज घडते.

पर्ज व्हॉल्व्ह कॅनिस्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) यांच्यामधल्या नळीवर, बहुधा इंजिनाच्या कप्प्यातच असतो. इंजिन तापल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्याला सेकंदाला अनेक वेळा उघडबंद करून साठलेली वाफ मोजून मापून इंजिनात ओढू देतो. व्हेंट व्हॉल्व्ह कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाहेरची हवा आत येते त्या वाटेवर बसवलेला असतो. तो बहुधा गाडीच्या मागच्या बाजूला, टाकीजवळ सापडतो. त्याचे काम क्वचितच पडते, कारण वाफेच्या व्यवस्थेत कुठे गळती आहे का हे गाडी स्वतः तपासते तेवढ्यापुरताच तो बंद होतो. ज्या गाड्यांत अशी गळती-तपासणी नसते त्यांतल्या अनेकांत हा व्हॉल्व्हच नसतो, तिथे नुसतीच हवेची नळी असते. तेव्हा शोधाशोध करण्याआधी तो आपल्या गाडीत आहे का, हे पाहून घ्यावे.

खरा फरक वीज नसतानाच्या अवस्थेत आहे. वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि वीज मिळाली की उघडतो. व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो आणि वीज मिळाली की बंद होतो. हे एकदा पक्के ध्यानात ठेवले, की पुढची सगळी तपासणी त्यातूनच सुचत जाते. सुटा केलेला व्हॉल्व्ह हातात घेऊन त्यातून हवा आरपार गेली, तर पर्जच्या बाबतीत ते बिघाडाचे लक्षण आहे आणि व्हेंटच्या बाबतीत तब्येत ठीक असल्याचे.

पर्ज व्हॉल्व्हची सर्वांत सोपी चाचणी तो न काढताच होते. थंड इंजिन सुरू करून कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढावी आणि त्या तोंडावर बोट ठेवावे. थंड इंजिनावर ईसीयू सहसा पर्ज करत नाही, म्हणजे वाफ इंजिनात ओढू देत नाही, त्यामुळे बोटाला ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह आतून गळतो आहे असे समजावे. ओढ नसेल, तर व्हॉल्व्ह सुटा करून मॅनिफोल्डच्या बाजूला हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा. तो टिकला पाहिजे आणि १२ व्होल्ट जोडताच क्षणात सुटला पाहिजे. व्हॅक्यूम मॅनिफोल्डच्याच बाजूला द्यावा, कारण प्रत्यक्षात ओढ तिथूनच येते आणि उलट दिशेने दाब पडल्यास काही व्हॉल्व्ह विनाकारण उघडू शकतात. तोंडाने ओढून पाहणे टाळलेलेच बरे, आत पेट्रोलची वाफ असते. शिवाय थंड असताना नीट बसणारा व्हॉल्व्ह तापल्यावर गळू शकतो, म्हणून संशय असेल तर इंजिन गरम करून पुन्हा तपासावे.

व्हेंट व्हॉल्व्हला व्हॅक्यूमची गरज फारशी नाही. वीज नसताना हलकी हवा सहज जायला हवी आणि १२ व्होल्ट दिल्यावर ती पूर्ण अडायला हवी, एवढे पुरे. हा व्हॉल्व्ह गाडीखाली चिखल आणि धूळ झेलत असल्याने त्याचा विजेचा भाग शाबूत असूनही तोंड चोंदलेले आढळते.

दोन्हींच्या कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध मल्टिमीटरने मोजावा. अनेक गाड्यांत तो २० ते ३० ओहमच्या आसपास येतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. रोध शून्याजवळ किंवा अनंत आला, तर कॉइल गेलेली आहे. मात्र रोध बरोबर आला आणि ‘टक्’ असा आवाजही आला, म्हणून व्हॉल्व्ह चांगला ठरत नाही. माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी फसगत तो आवाजच करतो, कारण गळका व्हॉल्व्हही तितक्याच इमानाने टकटक करतो. थेट वीज देताना व्हॉल्व्ह टाकी आणि नळ्यांपासून दूर नेऊन, फ्यूज लावलेल्या तारेनेच द्यावी, म्हणजे ठिणगीने वाफ पेटण्याचा आणि शॉर्ट सर्किटचा धोका कमी होतो.

लक्षणेही उलटसुलट वाटतात. पर्ज उघडा अडकला, तर पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि आयडलिंग डळमळते. व्हेंट उघडा अडकला, तर चालवताना काहीच जाणवत नाही, फक्त ईसीयूमध्ये गळतीचा बिघाड-कोड नोंदला जातो. व्हेंट बंद अडकला, तर पेट्रोल भरताना नोझल वारंवार बंद पडते आणि झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा फुसकारा ऐकू येतो. स्कॅनरवर पी०४४३ हा कोड पर्जच्या, तर पी०४४६ व्हेंटच्या नियंत्रणाकडे बोट दाखवतो; पी०४५५ मात्र केवळ मोठी गळती आहे एवढेच सांगतो आणि त्यामागे सैल झाकणापासून दोन्हींपैकी कोणताही व्हॉल्व्ह असू शकतो.

काढलेला पर्ज व्हॉल्व्ह उलटा करून ठोकल्यावर काळे दाणे पडले, तर ते कॅनिस्टरमधल्या कोळशाचे असतात. नोझल बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याच्या सवयीने द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा असा सुटू शकतो, आणि अशा वेळी कॅनिस्टर न बदलता नुसता व्हॉल्व्ह बदलला, तर नवा व्हॉल्व्हही त्याच दाण्यांनी अडकतो.