निवेदन की तक्रार? लोकप्रतिनिधी दाद देत नाही तेव्हा आधी कागद तपासा

पथदिवा बंद पडला म्हणून आमदारांच्या संपर्क कार्यालयात निवेदन जातं, आणि कॉलनीत मुळात खांबच नाहीत म्हणून कुणीतरी महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकतं. दोन्ही कागद चुकीच्या टेबलावर पडले. महिन्याभराने कुठूनच काही आलं नाही की सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागतो: आपला लोकप्रतिनिधी काही कामाचा नाही. तो खरंच नसेलही. पण निवेदन आणि तक्रार यांची गल्लत झाली असेल तर कामाचा माणूसही त्या कागदाचं फारसं काही करू शकत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. जे आहे ते बिघडलं असेल तर तक्रार. जे नाहीच ते हवं असेल किंवा झालेला निर्णय बदलून हवा असेल तर निवेदन. घंटागाडी तीन दिवस फिरकली नाही, ही तक्रार. घंटागाडी येते तेव्हा घराघरांना कुलपं असतात, वेळ बदला, हे निवेदन. नाशिकच्या सिटीलिंक शहर बससेवेची बस थांब्यावर न थांबता निघून गेली, ही तक्रार. तुमच्या वसाहतीतून नवा मार्ग हवा, हे निवेदन. चेंबर तुंबलं तर तक्रार. वस्ती तिप्पट झाली आणि ड्रेनेजची लाइन जुनीच आहे, तर निवेदन.

यामागचं कारण व्यवहाराचं आहे. तक्रार निवारायला लागणारा माणूस, सामान आणि अधिकार प्रशासनाकडे आधीच असतो; कुणाची नवी परवानगी लागत नाही. निवेदनातल्या मागणीला मात्र अंदाजपत्रकात तरतूद, महासभेचा ठराव किंवा मंत्रालयातली सही लागते, आणि त्यासाठी भांडणं हे निवडून दिलेल्या माणसाचं काम आहे. महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक मुकादमाला फोन करून गटार उपसून घेतो ते संबंधांच्या जोरावर. काम होतं, हे खरं. पण नोंद कुठेच राहत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच गटार पुन्हा तुंबलं की दाखवायला हातात काही नसतं.

मुदत कोणाला असते

नागरिकाच्या निवेदनाला अमुक दिवसांत उत्तर द्यावं, असं बंधन नगरसेवक, आमदार किंवा खासदारावर कोणत्याही कायद्याने घातलेलं नाही. ही गोष्ट पचायला जड जाते, पण ती धरून चाललं की पुढचं सोपं होतं. बंधन आहे ते अधिकाऱ्यांवर, आणि त्यातही गंमत अशी की लोकप्रतिनिधीच्या पत्राला सामान्य अर्जापेक्षा वजन जास्त. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर, अशी अपेक्षा आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२५ च्या शासन निर्णयात आमदार-खासदारांच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवून दोन महिन्यांत उत्तर देण्यास सांगितलं आहे.

म्हणून लोकप्रतिनिधीकडून "बघतो", "सांगून ठेवलंय" असलं तोंडी आश्वासन मागण्यात अर्थ नाही. मागायचं ते त्यांच्या लेटरहेडवरचं, जावक क्रमांक असलेलं, नेमक्या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र आणि त्याची एक प्रत. ते हाती आलं की मुदत अधिकाऱ्याला लागू होते. लोकप्रतिनिधीकडून मिळू शकणारं सगळ्यात उपयोगी उत्तर म्हणजे हे पत्र.

तक्रार कशी नोंदवायची

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर. तक्रार या विभागीय कार्यालयांतूनच सुटते. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, दिलेला कागदसुद्धा फिरून तिथेच येतो. महापालिकेच्या ई-कनेक्ट अ‍ॅपवर नोंदवली तर तक्रार क्रमांक लगेच मिळतो. हा क्रमांक म्हणजे अर्धी लढाई. तक्रारीत खांबाचा क्रमांक, घराचा किंवा प्लॉटचा क्रमांक, जवळची ठळक खूण, कधीपासून, आणि दिवसाउजेडी काढलेला एक फोटो एवढं असलं की पुरे. "आमच्या भागात रस्ते खराब आहेत" या वाक्यावर कोणताही कनिष्ठ अभियंता बाहेर पडणार नाही.

एका तक्रारीत एकच गोष्ट लिहायची. पाणी, दिवे आणि कचरा एकत्र लिहिलं तर तीन खात्यांपैकी एक आपला भाग बघतं आणि तक्रार "निकाली" म्हणून बंद होते. काम न होता तक्रार बंद झाली तर तीच पुन्हा नोंदवताना जुना क्रमांक लिहायचा, आणि विभागीय अधिकाऱ्याच्या नावाने कागदी अर्ज द्यायचा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

तरीही हलत नसेल तर लोकशाही दिन आहे, म्हणजे वरिष्ठ अधिकारी स्वतः तक्रारी ऐकतात तो दिवस. जिल्हा आणि महापालिका पातळीवर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. इथे नेमकी आपली गल्लत आडवी येते. लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच घेतात. शंभर सह्यांचं निवेदन घेऊन गेलात तर ते तक्रार म्हणून दाखल होणार नाही. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण किंवा आधी अंतिम उत्तर दिलेला विषयही चालत नाही. एकाच गटाराचा त्रास दहा घरांना असेल तर दहा जणांनी आपापल्या घरापुरते दहा अर्ज द्यावेत.

नळजोडणी, जन्माचा दाखला, मालमत्तेच्या नोंदीत नाव लावणं यांसारख्या अधिसूचित सेवा अडल्या असतील तर ते आणखी वेगळं खातं: २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. त्यात सेवेला ठरलेली मुदत आणि वरिष्ठांकडे अपील आहे. त्यासाठी नगरसेवकाच्या दारात जायची मुळीच गरज नाही.

निवेदन कोणाला

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, आणि नाशिकमध्ये नावंच फसवतात. महापालिकेचा नाशिक पश्चिम विभाग आणि विधानसभेचा नाशिक पश्चिम मतदारसंघ एक नव्हे. सिडको-सातपूरचा बहुतेक भाग पश्चिम मतदारसंघात आहे, पण महापालिकेत ते दोन्ही स्वतंत्र विभाग आहेत. पंचवटी नाशिक पूर्व मतदारसंघात मोडते, महापालिकेच्या पूर्व विभागात नाही. देवळाली कॅम्पचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, तर देवळाली हा विधानसभा मतदारसंघ त्याहून कितीतरी मोठा. मतदार यादीतलं आपलं नाव काढून मतदारसंघ आणि प्रभाग आधी खात्रीने पाहा.

मग विषय कोणत्या सरकारचा ते ठरवा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचे उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे निवेदन खासदारांना. महावितरण, सार्वजनिक बांधकाम विभागाचे रस्ते, पोलीस चौकी, सरकारी रुग्णालयातली रिक्त पदं हे आमदारांचं. आतले रस्ते, उद्यान, जलवाहिनी, बाजार हे नगरसेवकांचं. सिंहस्थाच्या कामांत तर खोदणारी यंत्रणा कोणती हे कामाच्या फलकावर वाचूनच लिहावं; महापालिकेने खोदलं असं गृहीत धरून लिहिलेलं पत्र नुसतं एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरतं.

नगरसेवकांच्या बाबतीत आणखी एक अडचण. शहरात ३१ प्रभागांत १२२ जागा आहेत, आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चौघांपैकी प्रत्येक जण "तो भाग माझ्याकडे नाही" म्हणू शकतो. कायद्याने तो चौघांचाही असतो. त्यामुळे एकच मजकूर चौघांना स्वतंत्र, ज्याच्या त्याच्या नावाने, एकाच तारखेला द्यायचा आणि खाली बाकी तिघांना प्रत दिल्याचं लिहायचं. चौघांत दोन पक्ष असतील तर हा उपाय विशेष लागू पडतो. याउलट खासदार, आमदार, महापौर, आयुक्त अशा सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहून काढलेलं पत्र कुणाचंच नसतं. प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्यासाठी आहे असं समजून फायलीला लावतं.

निवेदनात काय हवं

एक पान. एक मागणी. अकरा मागण्यांचं निवेदन फोटोसाठी छान, कामासाठी नाही. शाल-गुच्छासह दिलेली निवेदनं तर बहुधा गुच्छाबरोबरच मागे राहतात. संपर्क कार्यालयात कागद आधी वाचतो तो स्वीय सहायक, आणि तो पहिल्या चार ओळींत तीन गोष्टी शोधतो: जागा कुठली, आपल्या मतदारसंघातली माणसं किती, आणि साहेबांनी किंवा ताईंनी नेमकं करायचं काय. सह्यांसोबत नाव, पत्ता आणि मतदार यादीचा भाग क्रमांक लिहिला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. फोन नंबर फक्त दोघांचे द्या, आणि फोन उचलणाऱ्या दोघांचे द्या.

मागणी अशी लिहावी:

"प्रभाग क्र. … मधील … कॉलनीत … ते … या सुमारे … मीटर रस्त्यावर पथदिव्यांचे खांब नाहीत. याबाबत महापालिकेकडे अर्ज (आवक क्र. …) दि. … रोजी दिला असता 'तरतूद नाही' असे कळवण्यात आले. आपण शहर अभियंता यांना तरतुदीबाबत पत्र द्यावे व त्याची प्रत आम्हांस मिळावी, ही विनंती. पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे."

मसुदा जोडणं हा आगाऊपणा नव्हे. सहायकाचं काम टंकलेखनापुरतं उरतं, आणि तांत्रिक तपशील चुकत नाही. आवक क्रमांकाची ओळ तर सोडूच नये, ती नसेल तर अधिकारी लोकप्रतिनिधीला पहिलं उत्तर देतो, "आमच्याकडे असा अर्जच नाही."

निधी मागत असाल तर एक समजून घ्या. आमदार आणि खासदार, दोघांनाही वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण ते फक्त कामाची शिफारस करतात. तपासणी आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून होते. "निधी दिला" अशा फलकाचा फोटो आला म्हणजे काम मंजूर झालं असं नव्हे. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख विचारावी.

विषय धोरणाचा असेल तर सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती करा, आणि ती अधिवेशनाच्या खूप आधी. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस अगोदर द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं निवेदन लोकसभेच्या नियम ३७७ खाली किंवा प्रश्नोत्तरांनंतरच्या शून्य प्रहरात मांडता येतं, पण तिथे तारांकित प्रश्नासारखं मंत्र्याचं तोंडी उत्तर मिळेलच असं नाही.

उत्तर आलंच नाही तर

निवेदन दिल्यावर तीन आठवडे थांबून स्मरणपत्र द्यावं. मजकूर दोन ओळींचा पुरतो, पण आधीच्या निवेदनाची तारीख आणि पोच त्यात हवी. कार्यालय पोच देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर पोचपावतीची सेवा वेगळी सांगून घ्यायची. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणांना पोच समजू नका.

मग माहिती अधिकार. इथेही सरसकट चूक होते: लोक आमदारांच्याच नावाने अर्ज लिहितात. संपर्क कार्यालयात जन माहिती अधिकारी नसतो. अर्ज करायचा तो जिथे पत्र जायला हवं होतं त्या कार्यालयात, महापालिका किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. "काम का झालं नाही?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, कारण माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद. विचारायचं असं: या विषयावर दि. … ते दि. … या काळात लोकप्रतिनिधींकडून आलेल्या पत्रांच्या प्रती, त्यांचे आवक क्रमांक, त्यांवरच्या टिप्पण्या आणि पाठवलेली उत्तरं.

उत्तरातून दोनपैकी एक कळतं. पत्र गेलंच नव्हतं, किंवा गेलं आणि अधिकाऱ्याने दाबून ठेवलं. पहिलं असेल तर ते उत्तर घेऊन लोकप्रतिनिधीला भेटा. "आपलं पत्र पोचलेलं दिसत नाही" इतक्याच शब्दांत सांगा, त्यांना दुसरं पत्र द्यायला वाट राहते. दुसरं असेल तर ते स्वतःच चिडतात, आणि मग तुमचा विषय त्यांचा होतो. ३० दिवसांत माहितीच आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यानंतरचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

खड्ड्यांचा विषय दोन्हीकडे मोडतो, म्हणून शेवटी तो. आजचा खड्डा ही तक्रार. दर वर्षी त्याच जागी पडणारा खड्डा हे निवेदन, आणि त्याला आधीच्या वर्षांचे तक्रार क्रमांक जोडायचे. सोबत माहिती अधिकारात त्या रस्त्याच्या कार्यादेशाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी मागा. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि निधीचा प्रश्नच उरत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामाच्या निवेदनाला "आचारसंहितेनंतर बघू" हेच ऐकावं लागतं; मात्र खड्डा बुजवण्याची, चेंबर साफ करण्याची, दिवा लावण्याची तक्रार त्या काळातही चालते, आणि तेव्हा कुणी आचारसंहितेचं कारण सांगितलं तर ते लेखी मागावं.